वर चार बोटं

दादा,

आज अकरावा दिवस, आणि मी अजून धड एका जागी बसलेले नाही. हेसुद्धा उभ्यानेच लिहितेय, ओट्यावरचा कुकर बाजूला सारून. बसलं की उठावंसं वाटतं आणि उठलं की कुठे जायचं ते कळत नाही. सकाळी सिंगापूरच्या या उकाड्यात तोआ पायोहच्या आमच्या ब्लॉकचे अकरा मजले जिन्याने उतरले. खाली पोचल्यावर आठवलं की खाली काहीच काम नव्हतं. लिफ्टने परत वर आले. शेजारची आंटी लिफ्टमध्ये भेटली. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "यू ईट ऑरेडी ऑर नॉट?" मी हो म्हटलं. खाल्लं नव्हतं.

तू असतास तर म्हणाला असतास, "कुंदे, पायाला भिंगरी लागलीये का?" लागलीये. मला तुला एक गोष्ट सांगायची होती आणि तू मधेच उठून गेलास. पन्नासहून जास्त वर्षं ती माझ्या तोंडात आहे. दर शनिवारी खाण्याच्या गाळ्यांच्या त्या हॉकर सेंटरमध्ये तू समोर बसायचास, मी कोपीतलं दूध ढवळत राहायचे, आणि पुढच्या शनिवारी सांगू म्हणून उठायचे. मधे एक शनिवार येऊन गेला. मी गेले होते. आपल्या टेबलावर कुणीतरी टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली होती, आणि मला त्या परक्या माणसाचा इतका राग आला की मी कोपी न घेताच परत आले.

तुझी वही माझ्याकडे आहे. ऋताने आणून दिली. तुझी लेक तुझ्यासारखीच, रडायचं ते कामात रडते. येत्या रविवारी तुझ्या क्वीन्सटाउनच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, सगळे जमणार आहेत. तिथे प्रत्येकाच्या हातात तुझ्या वहीची छापील प्रत द्यायची असं तिने ठरवलंय. मला म्हणाली, "आत्या, स्कॉट्स वर्ड्स मी चेक केले, पण मराठीचं मला काही कळत नाही. तू बघ ना प्लीज. प्रिंटरला थर्सडेला द्यायचंय, कान्ट डिले लाह." मी म्हटलं बघते. आज बुधवार आहे.

पहिल्या दिवशी मी वही उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी उघडली आणि जे पान आलं त्यावर माझ्या परकराची नाडी दिसली.

खोटं वाटेल ऋताला, पण ती माझीच नाडी आहे. निळी पट्टी असलेली. तीन वर्षांपूर्वी दोरीवरून नाहीशी झाली तेव्हा मी वाऱ्याला दोष दिला होता. तू ती चार इंच कापून टाचणीने लावलीस आणि डावीकडे तुझ्या त्या गोल अक्षरात लिहिलंस, 'निटिन: सुती फीत, बांधायची.' उजवीकडे, 'नाडी.' एवढा मोठा मरीन इंजिनियर, जन्म जहाजांच्या पोटात गेला, आणि बहिणीच्या परकराची नाडी चोरतो. मी वही हातात धरून हसले, आणि मग जे काही झालं ते लिहीत नाही.

तुला हे वेड लागलं ते ग्लासगोला. शिकायला गेलास इंजिनं आणि राहिलास एका विधवा म्हातारीच्या घरी, जिचं खाली फिती-बटणांचं छोटं दुकान होतं. कराडच्या मंडईजवळचं आपलं कटलरीचं दुकान सोडून माणूस सात समुद्र ओलांडतो आणि पुन्हा कटलरीच्याच दुकानावर राहायला जातो, याला काय म्हणायचं! तुझं पहिलं पत्र मला अजून पाठ आहे. बाकी सगळे थंडीबद्दल लिहितात, बर्फाबद्दल लिहितात. तू लिहिलंस, 'कुंदे, इथली म्हातारी अगदी बाबांसारखी नाकाला रिबीन लावून मापते.'

बाबांचं ते मापणं. भिंतीला लोखंडी गज टांगलेला असायचा, पण तो अस्तरासाठी. रिबीन, नाडी, लेस, गोट, सगळं हातावर. फितीचं टोक नाकाच्या शेंड्याला लावायचं, मान जराशी वळवायची, दुसरा हात सरळ लांब करायचा. नाकापासून बोटांपर्यंत एक वार. मग कापायच्या आधी वर चार बोटं सोडायची आणि तिथे कात्री लावायची. गिऱ्हाईक बाई असो, शाळेतली पोर असो, वर चार बोटं मिळायचीच.

म्हातारीने तुला एकदा 'प्रीन' मागितली आणि तुला काही कळेना. तिने बोटाने टाचणी दाखवली. तिथून तू बिघडलास. आधी तिच्या तोंडचे शब्द गोळा केलेस. ते संपले तेव्हा ग्रंथालयात जाऊन जुने कोश काढलेस, आणि कोशांचंही पोट भरेना तेव्हा शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या बायकांच्या सामानाच्या याद्या. अमकीच्या पेटीत एवढी लेस, तमकीच्या पेटीत एवढी फीत. लेसला 'पर्लिन'. जरीच्या पट्टीला 'पासमेंट'. लिननच्या अरुंद फितीला 'इंकल'. लग्न न झालेल्या मुली केसांना बांधायच्या ती 'स्नूड'. चामड्याच्या वादीला 'व्हँग'. मला वाटायचं, हे वेड नोकरी लागली की जाईल. नोकरी लागली, सिंगापूर आलं, लग्न झालं, ऋता झाली, वहिनी गेली, तू रिटायर झालास, आणि वही जाडच होत गेली. मी एकदा वैतागून विचारलं, "अरे पण तुला कशाला हव्यात परक्या देशातल्या मेलेल्या बायकांच्या फिती?" तू म्हणालास, "त्यांच्या फितींना नावं तरी आहेत गं. आपल्या दुकानातल्या फितींची नावं कुणी लिहून ठेवली?"

म्हणून उजवीकडचा रकाना. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे आपल्या दुकानातला, मधे खरा तुकडा. तुकड्याशिवाय शब्द ठेवायचा नाही हा तुझा हट्ट. पासमेंटसमोर कळाबतूची पट्टी, ती वहिनीच्या शालूची, बघताक्षणी ओळखली. इंकलसमोर 'बंद', आणि ऋताच्या झबल्याचा एक बंद, पिवळा पडलेला. ऋताला दाखवला तर तिने त्यावर आपलं बोट ठेवून बघितलं. "सो स्मॉल," म्हणाली.

आणि जिथे तुला मराठी शब्द ठाऊक नव्हता तिथे तू लिहिलंस, 'कुंदाला विचारणे.'

मी मोजलं नाही, पण पान उलटावं आणि तेच दिसावं. कुंदाला विचारणे. मगजी आणि गोट यांत फरक काय, कुंदाला विचारणे. बाबा बारीक लेसला काय म्हणायचे, कुंदाला विचारणे. तू विचारायचासही. आणि मी कशी उत्तरं द्यायचे ते आठवलं की आत्ता या ओट्यावर डोकं आपटावंसं वाटतं. "नंतर सांगते." "फोनवर सांगते." "अरे ते दुकान कधीच बंद झालं, सोड ना आता." स्नूडसमोर तू 'आगवळ' लिहिलंस तेव्हा मात्र मी तावातावाने भांडले, की आगवळ गोंडेवाली असते, आणि ती लग्न झालेली बाईसुद्धा घालते, तेव्हा हे चूक. तू म्हणालास, "मग बरोबर काय?" मी म्हटलं, "बरोबर काही नाहीच. सगळ्या गोष्टींना जोडी नसते." तो वाद तसाच पडला. वहीत अजून 'आगवळ' आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते मी खोडणार नाहीये, काळजी करू नकोस.

पण तुला दुकानातले शब्द ठाऊक का नव्हते, दादा? दुकान तुझंही होतं. मोठा मुलगा तू. बाराव्या वर्षापासून तुला बाबांनी कात्रीला हात लावू दिला नाही, म्हणून ठाऊक नव्हते. आणि हे का झालं ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

सांगते. आधीच सांगायला हवं होतं.

शाळेच्या गॅदरिंगचा आठवडा होता. रिबिनींना ही झुंबड. बाबा दुपारी जेवायला घरी गेले आणि तुला गल्ल्यावर बसवून गेले. दोन दुकानं सोडून मोटारीचं इंजिन खोललं होतं, आणि तुझे प्राण तिकडे. मला म्हणालास, "कुणी आलं तर हाक मार, मी येतो पळत." मग शकू आली, पलीकडच्या गल्लीतली, माझ्याच शाळेतली, एक वर्ष पुढे. तिला गुलाबी सॅटिनची रिबीन हवी होती, दोन वेण्यांना दोन वार. मी हाक मारली नाही. मला वाटलं, त्यात काय आहे, रोज तर बघते. रीळ उलगडलं, टोक नाकाला लावलं, मान बाबांसारखी वळवली, हात लांब केला. एक वार. पुन्हा नाक, पुन्हा हात. दोन वार. कच्चकन कापली. काय रुबाब वाटला मला स्वतःचा! हात माझा आठ वर्षांचा आहे हे डोक्यातच आलं नाही. मला वाटत होतं, नाकापासून बोटापर्यंत म्हणजे वार, मग नाक कुणाचंही असो.

दुसऱ्या दिवशी शकूची आई दुकानात आली. म्हणाली, आधी एक वेणी नेहमीसारखी वर बांधून फूल केलं, आणि दुसरीला रिबीन पुरेना. एक वेणी फुलाची, एक नुसती गाठ मारलेली. बाईंनी शकूला नाचात मागच्या रांगेत उभं केलं होतं. शकू आईच्या मागे उभी राहून रडत होती. बाबांनी ती रिबीन गजाला लावली. कितीतरी कमी भरली. बाबांच्या दुकानात कमी! त्यांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. म्हणाले, "काल दुपारी गल्ल्यावर कोण होतं?"

मी बटणांच्या डब्या लावत होते. पांढरी एकीकडे, रंगीत एकीकडे.

तू म्हणालास, "मी."

खोटं नव्हतं ते. गल्ल्यावर तूच होतास, म्हणजे असायला हवा होतास. बाबांनी भिंतीवरचा गज काढला आणि तुझ्या हातावर दोन दिले. मला तो आवाज आठवतो. मी डब्या लावतच राहिले. बाबांनी शकूला नवी रिबीन दिली, हातभर जास्त, आणि आपल्या दोघांकडे बघून म्हणाले, "आजपासून या दुकानात वर चार बोटं द्यायची." आणि तुला म्हणाले, "तू कात्रीला हात लावायचा नाहीस. तुझ्या हाताला माप नाही."

ते वाक्य घरात राहायला आलं. दादाच्या हाताला माप नाही. तू भाजीत मीठ टाकलंस, हाताला माप नाही. पतंगाची दोरी तुटली, हाताला माप नाही. ग्लासगोला निघालास तेव्हा बाबा लाडानेच म्हणाले, "तू लोखंडच काप बाबा, ते आखूड झालं तर जोडता येतं." सगळे हसले. तू सगळ्यात जास्त हसलास. आणि कात्री माझ्याकडे आली. मी वार मोजायला शिकले, गज हातात घेऊन शिकले, पुन्हा कधी नाकाचा भरवसा धरला नाही. पुढे नोकरीही तीच धरली. इथल्या अलेक्झांड्रा भागातल्या ऑफिसात बसून आयुष्यभर लोकांची मोजायची यंत्रं बरोबर आहेत की नाही ते तपासलं. केसाएवढा फरक पडला तरी शिक्का मारायचे नाही. लोक म्हणायचे, कुंदा मॅडम फार कडक. कडक कसली.

माझी समजूत अशी घातली होती मी, की त्या आठवड्यात तूही दहा जणींच्या रिबिनी कापल्यास. तेव्हा तुलाही वाटत असेल की शकूची तूच कापलीस. तुला आठवत नसेल. बारा वर्षांच्या पोराला काय आठवतं! ही समजूत मी इतकी वर्षं वापरली की ती खरीच वाटायला लागली.

पण एक प्रसंग काही केल्या बसत नाही त्या समजुतीत. तुझ्या रिटायरमेंटच्या पार्टीला तुझ्या शिपयार्डातली माणसं आली होती. त्यांच्यातला एकजण म्हणाला, साहेबांच्या हातचा यंत्राचा भाग कधी परत आला नाही, मायक्रोमीटरपेक्षा यांचं बोट खरं. आणि मी, मी मूर्ख, सगळ्यांसमोर हसत हसत म्हणाले, "आमच्या घरी तर म्हणतात, दादाच्या हाताला माप नाही." सगळे हसले. तू हसलास. पण हसायच्या आधी माझ्याकडे पाहिलंस. अगदी थोडंच. रागाने नाही. मी प्लेट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले आणि गरज नसताना तीन गुलाबजाम खाल्ले.

वरच्या चार बोटांवरून तर आपण केवढे भांडलो! तुला कुठेसं सापडलं, की स्कॉटलंडची जुनी 'एल' आपल्या वारापेक्षा इंचभर मोठी. तू नाचतच आलास टेबलावर. "बघ, त्यांच्या मापातच वर दिलेलं आहे! कापडाचा धंदा असाच असतो, कुंदे. जो कापतो त्याने थोडं वर द्यायचं." मी म्हटलं, "माप म्हणजे माप. वर द्यायचंय तर ते दान झालं, त्याला माप म्हणू नये." तू म्हणालास, "बाबा काय दान करायचे?" मी म्हटलं, "बाबा भरपाई करायचे." बोलून गेले, आणि जीभ चावली. तू कोपीत बिस्किट बुडवलंस आणि ते पडलं, तर म्हणालास, "हाताला माप नाही."

आणि आपला शेवटचा शनिवार. आता मला तो दिवस पुन्हा पुन्हा लावून बघावा लागतो. तू वही उघडलीस, पेन्सिल कानावरून काढलीस आणि सहज विचारल्यासारखं विचारलंस, "कुंदे, आपल्याकडे ते वर चार बोटं कधीपासून सुरू झालं गं?"

मी फाडकन म्हटलं, "मला कसं आठवणार? आठ वर्षांची होते मी."

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, "हो का." मग वही मिटलीस. "काया टोस्ट आणतो तुला, एक की दोन?" म्हणालास आणि रांगेत जाऊन उभा राहिलास. तुझी पाठ मला दिसत होती, तो निळा टी-शर्ट, मानेवर उन्हाने पडलेला पट्टा. मला तेव्हाच उठून रांगेत यायला हवं होतं. दहा पावलं. अकरा मजले उतरते मी, दहा पावलं नाही चालले. तू टोस्ट आणलेस, आपण ऋताच्या नव्या नोकरीबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो, आणि तू एमआरटी स्टेशनकडे गेलास. जाताना हात केलास. झालं.

आज सकाळी जिन्याने उतरून लिफ्टने वर आले ते वहीचं शेवटचं पान बघायचं ठरवूनच. बाकी सगळी तपासून झाली होती. जिथे जिथे 'कुंदाला विचारणे' होतं तिथे तिथे मी उत्तर लिहिलं. बारीक लेसला बाबा 'जाळी' म्हणायचे. मगजी आतून डोकावते आणि गोट वरून शिवतात. एवढंच तर होतं, दादा. पाच मिनिटांचं काम होतं एकेक.

शेवटच्या पानावर डावीकडे 'एल'. उजवीकडे 'वर चार बोटं'. मधे एक टाचणी, आणि टाचणीत काहीच नाही. तुकडा लावलेला नाही. खाली तू लिहिलंयस, 'आमच्या दुकानात ही रीत एका गॅदरिंगनंतर सुरू झाली. कारण:' आणि पुढे पान कोरं.

मी वाट बघत होते की इथेही तेच असेल. कुंदाला विचारणे. नव्हतं. पार तळाशी, बारीक पेन्सिलीत, तू लिहून ठेवलं होतंस, 'हे कुंदाला विचारू नये. तिची ती सांगेल.'

मला आधी वाटलं, त्या शेवटच्या शनिवारी घरी जाऊन लिहिलं असेल. पण या हवेत टाचणीला गंज धरतो, तुला माहीतच आहे. त्या रिकाम्या टाचणीचा गंज कागदावर उतरलाय आणि तुझ्या अक्षरांवर आलाय. 'सांगेल'मधला 'ग' त्यात बुडालाय. असा डाग दहा-बारा दिवसांत पडत नाही. मी हे आयुष्यभर तपासलंय, गंज किती जुना ते मला कळतं. वर्षानुवर्षांचा आहे तो. म्हणजे त्या पार्टीला तुला माहीत होतं. दुकानात, गज हातावर पडत असताना, तुला माहीत होतं. तू मला पकडायला कधी विचारत नव्हतास. तू दार उघडं ठेवून बाजूला उभा राहत होतास, आणि दर वेळी मी ते दार तुझ्या तोंडावर लावून घेत होते.

मला तुझा राग आला, दादा. खरं सांगते. इतकं चांगलं असू नये माणसाने. एकदा तरी म्हणायचंस, "कुंदे, रिबीन तू कापलीस, आता बोल." मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तू वाट बघत बसलास. आणि वाट बघून बघून निघून गेलास, तेही मला टोस्ट खायला घालून. आता मी हे कुणाला सांगू? सांगायचं तर तुलाच होतं.

तरी खाली गेले. या वेळी काम होतं. तोआ पायोह सेंट्रलमधल्या त्या रिबिनींच्या दुकानात, जिथे तू तासन्‌तास रीळं हाताळायचास आणि काही घ्यायचा नाहीस. तिथल्या आंटीने मला ओळखलं. "युअर ब्रदर नेव्हर कम?" मी मान हलवली. तिला कळलं. गुलाबी सॅटिनची रिबीन मागितली, "वन यार्ड." तिने काउंटरवरच्या पट्टीला लावून नेमकी मोजली आणि कात्री उचलली. मी म्हटलं, "आंटी, लिट्ल बिट मोअर." "हाउ मच?" तिने विचारलं. मी चार बोटं आडवी धरून रिबिनीवर ठेवली. तिने काही न विचारता माझ्या करंगळीच्या कडेला कात्री लावली.

घरी येऊन दार लावलं. रिबिनीचं टोक नाकाला लावलं, मान वळवली, हात लांब केला. चौपन्न वर्षांनी. वार बरोबर बोटांपर्यंत पुरला, आणि पलीकडे चार बोटं उरली. मग तेवढी चार बोटं कापली आणि तुझ्या त्या गंजक्या प्रीनमध्ये अडकवली. नवी टाचणी घेतली नाही.

आत्ता ऋताचा फोन येऊन गेला. "आत्या, स्कॅनमधल्या लास्ट पेजचं काय करू? कोलननंतर ब्लँक आहे. डिलीट करू का?" मी म्हटलं, "करू नकोस. उद्या सकाळी मी स्वतः घेऊन येते, तुलाही वाचून दाखवते, आणि रविवारी व्हॉइड डेकवर उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवणार आहे." ती म्हणाली, "एव्हरीथिंग ओके?" मी म्हटलं, ओके नाही, पण येते.

आणि आता बसलेय, दादा. खुर्चीवर. अकरा दिवसांत पहिल्यांदा. तुझ्या अक्षराखाली माझं अक्षर अगदी गचाळ दिसतंय, पण पेनाने लिहिलंय, खोडता येणार नाही.

'कारण: शकूची रिबीन कुंदाने कापली होती. दादाच्या हाताला माप होतं.'